अपघात नागपुरात झाला, तरी दावा गावाकडून करता येतो

बिरसा (बालाघाट) : तालुक्यात मलाजखंडची तांब्याची खाण असली, तरी इथले बरेच मजूर कामासाठी नागपूर गाठतात. तिथे अपघात झाला की ठेकेदार हजार-दोन हजार हातात देऊन गावी धाडतो. मग पुढे काय?

१९२३ च्या भरपाई कायद्यात १९९५ साली बदल झाला. तेव्हापासून मजूर राहतो त्या भागातही दावा लागतो. मालकाची चूक दाखवावी लागत नाही. ठेकेदार पळाला तरी ज्याचं काम, तो मूळ मालक जबाबदार राहतो. ईएसआय कार्ड असेल तर मात्र लाभ तिकडूनच मिळतो.

दाव्याची मुदत दोन वर्षं. दवाखान्याचे कागद, हजेरीचा पुरावा, सोबत्यांची नावं जपून ठेवा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.