सांगोल्याचे आबा : 11 विजय, 2 पराभव

पुण्याजवळच्या चाकण-भोसरीत कारखान्यांची पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर कुणालाही गाव विचारा. सोलापूर, बीड, लातूर ही नावं हटकून येतात. त्यात सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचा कुणी भेटला, की गणपतराव देशमुखांचा, म्हणजे आबांचा, विषय निघायला वेळ लागत नाही.

शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव 1962 साली पहिल्यांदा विधानसभेत गेले. त्याच वर्षी एमआयडीसीची स्थापना झाली आणि पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांची रांग लागायला सुरुवात झाली. सांगोल्यालाही माळ होताच, पण तिथे प्यायच्या पाण्याचीच मारामार. तालुक्याला पाणी आणि हाताला काम तालुक्यातच मिळावं, म्हणजे माणूस गाव सोडणार नाही, हे आबांच्या राजकारणाचं सार. ते किती साधलं याचा हिशेब सोपा नाही.

जन्म 10 ऑगस्ट 1926, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. कायद्याचं शिक्षण पुण्यात झालं आणि शेकापची गोडीही तिथेच लागली. मग सांगोल्यात वकिली. पुढे वकिली मागे पडली, तरी कागद वाचल्याशिवाय बोलायचं नाही ही तिची शिस्त टिकली. सभागृहात आरडाओरडा करून नाव कमावणारे पुष्कळ झाले. आबा शांतपणे बोलायचे, आणि मंत्र्यांना उत्तराची तयारी करून यावं लागायचं.

1972 साली काकासाहेब साळुंखे-पाटलांकडून ते हरले, पण 1974च्या पोटनिवडणुकीत परत आले. दुसरा पराभव 1995चा, शहाजीबापू पाटलांकडून, अवघ्या 192 मतांनी. 1999 साली आबा पुन्हा निवडून आले आणि 2014 साली, वयाच्या 88व्या वर्षी, अकराव्यांदा. महाराष्ट्रात हा आकडा आजवर कुणी गाठलेला नाही. एवढ्या वर्षांत मंत्रिपद दोनदाच: 1978 साली शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात आणि 1999 साली विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. बाकी बहुतेक काळ विरोधी बाकावर. पक्ष आक्रसत गेला, इतरांनी झेंडे बदलले, आबांचा लाल झेंडा तसाच राहिला.

एसटीत आमदारांसाठी राखीव आसन असतं, खिडकीवर तशी पाटीही असते. त्या आसनावर आमदार बसलेला किती प्रवाशांनी पाहिला असेल? सांगोल्याच्या लोकांनी पाहिला. एसटीने फिरणारा आमदार म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांचं कौतुक खूप केलं. मला मात्र त्या साधेपणाच्या गोष्टींपेक्षा सूतगिरणी मोठी वाटते. ज्या भागात कापूस पिकत नाही, तिथे त्यांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली आणि ती नीट चालवून दाखवली. राज्यातल्या सहकारी सूतगिरण्या एकामागून एक गाळात जात असताना हे जमलं, कारण गिरणी चालवणाऱ्याला तिच्यातून स्वतःसाठी काही काढायचं नव्हतं.

पाण्याची लढाई जास्त रेंगाळली. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी आणि आबांनी 1993पासून दुष्काळी 13 तालुक्यांना एकत्र बांधलं. आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या, कृष्णेचं पाणी उचलून आणायची मागणी गावोगाव पोचली. त्यासाठीच्या टेंभू आणि म्हैसाळ उपसा योजना वर्षानुवर्षं निधीवाचून अडत राहिल्या. पाणी आलं ते तुकड्यातुकड्यांनी. तोवर रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि सांगोल्याचा माळ डाळिंबाने लाल झाला. नंतर तेलकट डाग आणि खोडकिडीने त्यातल्या कित्येक बागा उपटायला लावल्या. बाग गेली की पोरगा पुण्याची वाट धरतो, आणि तो बहुधा चाकणच्या एखाद्या कंत्राटदाराकडे उभा राहतो. अर्धशतक निवडून देऊनही तालुक्याचं पाणी पूर्ण का आलं नाही, असं विरोधक विचारायचे. प्रश्न खोटा नव्हता. फक्त तिजोरीची किल्ली आबांकडे फारशी कधी नव्हती, हेही तितकंच खरं.

2019 साली ते उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत 768 मतांनी हरले. जिंकले पुन्हा शहाजीबापूच. 30 जुलै 2021 रोजी सोलापुरात आबांचं निधन झालं. 2024 साली दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शेकापकडूनच ती जागा परत मिळवली.