तेल पिणारें इंजिन

समई रात्रभर तेवली कीं तिच्यांतील तेल संपावयाचेंच. तेल जाळणें हाच तिचा धर्म. मोटारीच्या इंजिनांतील तेलाचें मात्र तसें नाहीं. जळावयाचें तें इंधनानें. तेलानें फिरत्या भागांमध्यें पातळ थर होऊन राहावयाचें आणि घर्षण टाळावयाचें. तें तेल भराभर कमी होऊं लागलें कीं कांहीं मालक घाबरून पहिल्याच दिवशीं इंजिन उघडावयास लावतात. कांहीं नुसतें वरून तेल ओतीत राहतात. दोन्ही मार्ग महाग पडतात. ते कसे, हें एका प्रसिद्ध उदाहरणावरून पाहूं.

अमेरिकेंत शेव्हरोले सिल्व्हराडो नांवाचा पिकअप ट्रक पुष्कळ खपतो. २००७ च्या नमुन्यापासून त्याच्या ५.३ लिटरच्या बहुतेक इंजिनांना इंधन वांचविण्याची एक युक्ति जोडलेली असे. भार हलका असला कीं आठ सिलिंडरांपैकीं १, ४, ६ आणि ७ हे चार निजतात व उरलेले चार गाडी ओढतात. ही निजण्या-जागण्याची क्रिया तेलाच्या दाबानें होते. यांतील कांहीं गाड्या फार तेल पितात अशा तक्रारी आल्या, तेव्हां खुद्द जनरल मोटर्सनेंच दुरुस्ती करणारांसाठीं सूचनापत्र काढून दोन कारणें सांगितलीं. पहिलें असें कीं, इंजिनाच्या पोटांतील वाफा पुन्हां आंत शोषून घेणारा जो मार्ग झडपांच्या झांकणांतून जातो, त्यांतून वाफेबरोबर तेलहि ओढलें जाई. दुसरें कारण त्या युक्तीच्याच एका झडपेचें. जास्त झालेला दाब सोडून देतांना ती तेलाचा फवारा उडवी. गाडी दीर्घकाळ वेगानें हाकली असतां कांहीं इंजिनांत हा फवारा वाढे, पिस्टनच्या खांचांत काजळी बसे आणि रिंगा चिकटत. भिंतीवरील तेल निपटून खालीं लोटणें हें रिंगेचें काम. चिकटलेली रिंग तें करूं शकत नाहीं.

आतां निदान. वैद्य आधीं नाडी पाहतो, तसें येथें आधीं मोजमाप करावें. गाडी सपाट जागीं उभी करून, इंजिन बंद केल्यावर कांहीं मिनिटें थांबून, पट्टीवर तेल पाहावें. खुणेपर्यंत भरून किलोमीटरचा आंकडा वहींत टिपावा. खूण ओलांडून मात्र भरूं नये. त्याच सूचनापत्रांत ३,२०० किलोमीटरांस सुमारें ०.९५ लिटर एवढा खर्च चालण्याजोगा धरला आहे.

मग गळती शोधावी. रात्रीं गाडीखालीं पुठ्ठा पसरून सकाळीं डाग पाहावेत. डाग नसले तरी इंजिन एकदां पुसून, गाडी फिरवून, पुन्हां निरखावें. कारण कांहीं गळती इंजिन तापल्यावरच होते.

गळती नसेल तर तेल जळतें आहे. निळसर धुराची वेळ येथें बोलकी असते. सकाळीं इंजिन सुरू होतांच एक भपका येऊन थांबला, तर झडपांच्या सिलांतून रात्रीं तेल झिरपलें असावें. चढावर, भार असतांना धूर सतत येत राहिला, तर संशय रिंगांवर घ्यावा. नंतर प्लग काढून पाहावेत. वरील इंजिनांत १ किंवा ७ क्रमांकाचा प्लग काजळलेला निघाला, तर तेलाच्या फवाऱ्याची आठवण व्हावी. शेवटीं सिलिंडरांतील दाब मोजावा. तो कमी भरला, तर आंत थोडें तेल सोडून पुन्हां मोजावा; चढला तर दोष रिंगांचा वा भिंतींचा, न चढला तर बहुधा झडपांचा. मात्र एक फसवणूक ध्यानांत ठेवावी: दाब धरतात त्या वरच्या रिंगा, तेल निपटते ती खालची. म्हणून दाब उत्तम भरला, तरी खालची रिंग चिकटलेली असूं शकते.

उपाय नेहमीं स्वस्तापासून महागाकडे जावा. या इंजिनांसाठीं सांगितलेले उपाय असे: डाव्या बाजूचें सुधारलेलें झांकण बसविणें, दोषी झडपेवर ढाल लावणें, आणि द्रावण घालून पिस्टनवरील काजळी धुणें. एवढ्यानें भागलें नाहीं तरच पिस्टन व रिंगा बदलाव्या. प्रत्येक उपायानंतर पुन्हां मोजावें. दाट तेल घालून रोग झांकूं नये. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या युक्तीस ठरलेल्या जातीचेंच तेल हवें.

आपल्याकडे बाजारांत भाजी आणणारे पिकअप बहुतेक डिझेलवर चालतात. त्यांत ठिणगीचे प्लग नसतात. पण टर्बोपुढील हवेच्या नळींत तेल सांचलें असेल, तर टर्बोचें सील किंवा वाफेचा मार्ग आधीं तपासावा. क्रम तोच.

या अमेरिकन गाड्यांचें प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. २०११ ते २०१४ च्या नमुन्यांबद्दल तीन राज्यांतील मालकांच्या दाव्यांत २०२२ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें ज्यूरीनें सुमारें १० कोटी २६ लक्ष डॉलर भरपाई ठरविली. सामान्य मालकाला एवढें लांब जाण्याचें कारण नाहीं. तेलाचा तांबडा दिवा लागतो तो दाब पडल्यावर. तोंवर बेअरिंगें घासलीं जाऊं लागलेलीं असतात. म्हणून दिव्याची वाट न पाहतां, दर दुसऱ्या वेळीं इंधन भरतांना पट्टी पाहावी आणि वहींत एक ओळ लिहावी. इंजिन उघडावयाचें कीं नाहीं, हें मिस्त्रीच्या अंदाजापेक्षां ती वहीच अधिक खरें सांगेल.