लेखांक ६ : कंट्रोल व्हॉल्व्हचे माप कशावरून ठरवावे?

धरमतर खाडीकाठी डोलवी येथे असलेला पोलाद कारखाना, अंबा नदीच्या वरच्या अंगाचे नागोठण्याचे पेट्रोरसायन संकुल आणि कुंडलिकेच्या खोऱ्यातील, रोह्याजवळची धाटाव औद्योगिक वसाहत यांचा माल परस्परांहून अगदी वेगळा असला, तरी तिन्ही ठिकाणी वायू, वाफ, पाणी किंवा आम्ल यांचा प्रवाह क्षणोक्षणी कमीअधिक करण्याचे काम कंट्रोल व्हॉल्व्हवर, म्हणजे नियंत्रक झडपेवर, सोपवलेले असते. मागील लेखांकात मोजमाप करणारा ट्रान्समीटर आणि निर्णय घेणारा कंट्रोलर यांचा विचार झाला. तो निर्णय अमलात आणणारी झडप केवढी असावी, हा येथील विषय आहे.

पाइप जेवढ्या व्यासाचा तेवढीच झडप, ही सर्वाधिक प्रचलित पद्धत आहे आणि बहुतेक वेळा तीच चुकीची असते. पाइपचा व्यास द्रवाचा वेग मर्यादेत राहावा म्हणून ठरतो. झडपेला मात्र दाब खर्च करूनच प्रवाह आवरायचा असतो. तिची क्षमता केव्ही या गुणांकाने सांगतात. पूर्ण उघड्या झडपेच्या दोन्ही बाजूंमध्ये १ बार दाबफरक असताना तिच्यातून तासाला जितके घनमीटर पाणी जाते, तो आकडा म्हणजे केव्ही. अमेरिकी एककांतील सीव्ही हवा असल्यास केव्हीला सुमारे १.१६ ने गुणावे. प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तासाला ६० घनमीटर पाण्यासाठी १ बार उपलब्ध असेल तर केव्ही ६० लागतो, आणि ४ बार उपलब्ध असतील तर ३० पुरतो.

हेच उदाहरण पुढे नेता येईल. कमाल प्रवाह ६० घनमीटर व दाबफरक ४ बार, किमान प्रवाह १५ घनमीटर व त्या वेळी दाबफरक ५ बार असेल, तर लागणारा केव्ही ३० आणि सुमारे ६.७ यांच्या दरम्यान राहतो. पाइप १०० मिलिमीटरचा आहे म्हणून १६० केव्हीची झडप बसवली आणि तिचे उघडणे रेषीय असले, तर ती सगळे काम ४ ते १९ टक्के उघडीपीतच करील. प्लग, म्हणजे झडपेतील हलता भाग, सीटलगत, म्हणजे त्याच्या बैठकीलगत, थरथरत राहील आणि सीटवर चरे पडतील. समटक्केवारीच्या झडपेत दांड्याच्या प्रत्येक समान हालचालीबरोबर प्रवाह त्या क्षणी असलेल्या प्रवाहाच्या ठरावीक टक्क्यांनी वाढतो. कमाल आणि किमान क्षमतेचे गुणोत्तर ५० धरल्यास तीच १६० केव्हीची झडप १९ ते ५७ टक्क्यांत चालेल. तिच्याऐवजी ६३ केव्हीची, ८० मिलिमीटरची झडप निवडल्यास ती ४३ ते ८१ टक्क्यांत चालेल, आणि किंमतही कमी पडेल. ‘पुढे उत्पादन वाढले तर’ म्हणून प्रत्येक टप्प्यावर थोडीथोडी चढवलेली क्षमता शेवटी झडपेच्या माथी बसते, हे झडप गरजेपेक्षा मोठी होण्यामागचे खरे कारण होय.

वायूचे गणित निराळे आहे. डोलवीच्या कारखान्यातील मिड्रेक्स पद्धतीच्या स्पंज आयर्न विभागासारख्या ठिकाणी नैसर्गिक वायूचा दाब वापराआधी उतरवावा लागतो. प्रवेशदाबाच्या तुलनेत दाबफरक एका मर्यादेपलीकडे गेला की झडपेतील अरुंद भागात वायूचा वेग ध्वनीच्या वेगाला पोहोचतो आणि बाहेरचा दाब आणखी कितीही उतरवला तरी प्रवाह वाढत नाही. ग्लोब झडपेत ही मर्यादा उशिरा, बॉल किंवा बटरफ्लाय झडपेत लवकर गाठली जाते. त्याबरोबर कर्कश आवाज येतो. म्हणून दाब टप्प्याटप्प्याने उतरवणारा ट्रिम, म्हणजे आतील प्लग व पिंजऱ्याचा संच, घ्यावा लागतो. द्रवातही असेच घडते: अरुंद भागात दाब बाष्पदाबाखाली गेल्यास बुडबुडे तयार होतात आणि पुढे दाब सावरताच ते फुटून प्लगचा पृष्ठभाग कुरतडतात, यास कॅव्हिटेशन म्हणतात.

धाटावसारख्या वसाहतीतील रासायनिक कारखान्यांत, जेथे घाण्याघाण्याने उत्पादन होते, तेथे मापाइतकेच महत्त्व झडप हलवणारी दाबाची हवा बंद पडल्यावर झडप कोणत्या स्थितीत जाईल, याला असते. उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया चालू असलेल्या रिॲक्टरच्या जॅकेटला थंड पाणी देणारी झडप अशा वेळी स्प्रिंगच्या जोरावर आपोआप उघडली पाहिजे, आणि वाफेची झडप आपोआप मिटली पाहिजे. हे उलटे झाल्यास बाकीची सारी अचूकता निरर्थक ठरते. आम्लाच्या वाहिनीवर पीटीएफईचे अस्तर असलेली झडप घेतात. खाडीकाठच्या खारट, दमट हवेत ॲक्च्युएटरचे, म्हणजे झडप हलवणाऱ्या यंत्रणेचे, बोल्ट आणि रंग आधी जातात, याकडे खरेदीच्या वेळी क्वचितच कोणी पाहते.

झडपेच्या माहितीपत्रकात किमान, सर्वसाधारण आणि कमाल प्रवाहासाठी तीन स्वतंत्र रकाने असतात, आणि प्रत्येकाचा दाबफरक वेगळा लिहायचा असतो. किमान प्रवाहाचा रकाना कोरा असेल, तर पुरवठादाराकडे मागणी नोंदवू नये.