गाड्याखालचा कुत्रा आणि वैशाखाचे ऊन

वैशाखातली दुपार म्हणजे महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावाने स्वखुशीने पाळलेली संचारबंदीच होय. शाळांना कुलपे लागलेली असतात, कचेऱ्यांत पंख्याखालच्या टेबलासाठी मूक स्पर्धा चाललेली असते, आणि रस्त्यावर रसवंतीच्या घुंगरांखेरीज दुसरा आवाज नसतो. अशा वेळी एखाद्या उभ्या वाहनाखाली जीभ बाहेर काढून पडलेला कुत्रा हाच काय तो त्या रस्त्याचा रहिवासी. पूर्वी तो बैलगाडीखाली पडत असे, आता मोटारीखाली पडतो. एवढाच काय तो युगाचा फरक. या सावलीप्रिय प्राण्यावर मराठी माणसाने फार पूर्वीच एक शेरा मारून ठेवलेला आहे. गाड्याखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटते, की गाडा आपणच ओढतो आहोत. कचेरीत ही म्हण कोणाला उद्देशून वापरली जाते हे सांगण्याचे कारण नाही. प्रत्येक खात्याला आपापला गाडा आणि आपापला कुत्रा ठाऊक असतो.

गंमत अशी, की जगातल्या एका फार मोठ्या भूभागावर शेकडो वर्षे याच्या नेमकी उलट समजूत होती. गाडा होता सूर्याचा, कुत्रा होता आकाशातला. आणि तो गाडा कुत्राच ओढतो असे कुत्र्याला नव्हे, माणसांना वाटत होते.

आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, ज्याला आपल्याकडे व्याध किंवा लुब्धक म्हणतात, तो ग्रीक आणि रोमन लोकांच्या लेखी मृगयेला निघालेल्या ओरायनचा कुत्रा होता. भर उन्हाळ्यात हा तारा काही आठवडे सूर्याच्या तेजात लपतो आणि मग एके पहाटे सूर्याच्या आधी उगवतो. त्याच सुमारास भूमध्य समुद्राकाठी ऊन सर्वांत तापते. यावरून तिकडच्या लोकांनी सरळ अनुमान काढले, की सूर्याच्या आगीत या दुसऱ्या ताऱ्याची आग मिसळते, म्हणून माणसे तापाने फणफणतात, द्राक्षासव आंबते आणि कुत्री पिसाळतात. होमरच्या महाकाव्यातही हा तारा ज्वर घेऊन येणारा म्हणूनच येतो. रोमन लोक त्याला लाडाने 'कॅनिक्युला', म्हणजे छोटी कुत्री, असे म्हणत. परंतु लाड नावापुरताच. आकाशातल्या कुत्रीचा कोप शमावा म्हणून जमिनीवरचे कुत्रे बळी दिले जात. अपराध एकाचा आणि बदली दुसऱ्याची, हा न्याय कचेऱ्यांच्या जन्मापूर्वीचा आहे तो असा.

त्या छोट्या कुत्रीने पुढे भाषांमध्ये मोठा संसार थाटला. फ्रेंच माणूस उष्णतेच्या लाटेला आजही 'कानिक्यूल' म्हणतो. इंग्रजी पंचांगांनी 'कुत्र्यांचे दिवस' ३ जुलै ते ११ ऑगस्ट असे चक्क तारखा घालून नोंदले. एखादी सरकारी मोहीम असावी तसे. आणि सर्वांत मौज रशियन भाषेची. शाळेच्या सुट्टीला तिथे 'कानिकुली' असे म्हणतात. मुळात उन्हाळी सुट्टीचा हा शब्द आता बर्फ पडत असतानाच्या सुट्टीलाही लागतो. म्हणजे रशियातला विद्यार्थी नाताळाच्या थंडीतही कुत्रीचेच दिवस उपभोगतो आणि त्याला त्याचा पत्ता नसतो. शिक्षकांच्या सुट्टीवर जळणाऱ्या इतर खात्यांतल्या मंडळींनी ही व्युत्पत्ती जपून ठेवण्यासारखी आहे.

कुत्र्याचा निर्दोषपणा त्या काळीही कोणाला दिसला नव्हता असे नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानला जाणारा ग्रीक ज्योतिषी गेमिनस याने स्पष्ट लिहून ठेवले होते, की उष्णता सूर्याची आहे. तारा केवळ त्या ऋतूची खूण म्हणून उगवतो. भिंतीवरचे कॅलेंडर उन्हाळा आणत नाही, सांगते एवढेच. परंतु शास्त्रज्ञाचे म्हणणे ऐकून समजूत सोडून देण्याची घाई लोकांनी कोणत्याच शतकात केलेली नाही. वास्तविक तो तारा सूर्यापेक्षा पुष्कळच तप्त आहे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सियस, तर याचा दहा हजारांच्या जवळपास. मात्र तो साडेआठ प्रकाशवर्षांहून दूर आहे. पहिलीतल्या मुलाला आज दिसणारा त्याचा किरण त्या मुलाच्या जन्मापूर्वीच तिथून निघालेला असतो. इतक्या लांबून येणाऱ्या पाहुण्याने घर तापवावे ही अपेक्षाच अवास्तव. १८६२ साली या ताऱ्याला एक अंधुक जोडीदार असल्याचे दुर्बिणीतून दिसले. खगोलशास्त्रज्ञांनी त्याचे टोपणनाव 'पिल्लू' ठेवले. हे पिल्लू आकाराने पृथ्वीएवढे आणि वजनाने जवळजवळ सूर्याएवढे आहे. तेव्हा कुत्र्याच्या नादी लागू नये हे खरेच, पण त्याच्या पिल्लाच्या तर मुळीच लागू नये.

आता हाच तारा भारतात आला, की त्याचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. ग्रीकांचा शिकारी ओरायन इथे शिकार झाला: तो मृग, आणि त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण. बाण मारणारा व्याध कोण, तर ग्रीकांचा कुत्रा! साहेबाला हरिण करावे आणि शिपायाला साहेबाच्या खुर्चीत बसवावे, अशी बदली आणि बढती एकाच हुकमाने दुसरीकडे कुठे झाली नसेल. शेजारी रोहिणी नक्षत्र आहे, आणि त्याची आकृती आपल्या ज्योतिषग्रंथांनी शकटाची, म्हणजे गाड्याची मानलेली आहे. गाडा आणि कुत्रा एकाच आळीत आले ते असे. लोकमान्य टिळकांनी तर आपल्या 'ओरायन' या १८९३ सालच्या ग्रंथात ऋग्वेदातल्या ऋभूंना जागे करणाऱ्या श्वानाचा माग काढून वेदकाळाच्या निर्णयात त्याची साक्ष घेतली. रस्त्यावरच्या कुत्र्याची साक्ष कोणी घेत नाही. आकाशातल्या कुत्र्याची घेतली गेली, आणि तीही टिळकांसारख्या वकिलीचे शिक्षण घेतलेल्या माणसाकडून.

महाराष्ट्रात मात्र रोमन हिशोब मुळातच चुकतो. आपले ऊन चैत्र-वैशाखाचे. कोल्हापुरात ६-७ मेच्या सुमारास, पुण्यात १३ मे, मुंबईत १५ मे आणि नागपुरात २६ मे या तारखांच्या आसपास भर मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच नाहीशी होते. खांबाच्या सावलीवर विसंबलेल्या कुत्र्यांनी त्या दिवशी काय करावे, याची सूचना कोणत्याही पंचांगात नसते. या सर्व काळात व्याध सायंकाळी पश्चिमेच्या बाजूला निवांत लुकलुकत असतो. उन्हाशी त्याचा काडीचा संबंध नसतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात सूर्य मृग नक्षत्रात शिरतो आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत हा तारा मावळतीच्या उजेडात बुडून जातो. म्हणजे आपल्याकडे आकाशातला कुत्रा गाड्याखाली शिरतो तो ऐन पावसाळ्यात. रोमन तर्कशास्त्र लावायचेच, तर महाराष्ट्राने पावसाचे श्रेय त्याला द्यावयास हवे.

ते कोणी दिलेले नाही. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन असते. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजावे, नवाने भागावे, आणि बाकी उरेल त्याप्रमाणे घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव. बाकी शून्य आली तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती निघाले की शेतकरी खूष. कोल्हा निघाला की चेहरा उतरतो. नऊ जागांच्या या भरतीत गाढवाची वर्णी लागली, कुत्र्याचा सख्खा चुलता कोल्हा घेतला गेला. परंतु माणसाच्या दारात हजारो वर्षे राहिलेल्या प्राण्याचा अर्ज फेटाळला गेला. लोकांनी त्याचे नाव जोडले ते भाद्रपदाशी, आणि तेही थट्टेने.

थट्टेपर्यंत गोष्ट होती तोवर ठीक होते. परंतु ऊन आणि पिसाळलेला कुत्रा यांची युरोपातली जोडी इंग्रजांबरोबर मुंबईच्या धक्क्यावर उतरली आणि तिचे नियम झाले. उन्हाळ्याच्या ठरावीक मुदतीत भटकी कुत्री मारण्याची मुभा कंपनी सरकारच्या मुंबईत होती. १८३२ साली ती मुदत वाढवण्यात आली आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळू लागले. आठ आणे ही तेव्हा लहान रक्कम नव्हती. साहजिकच भटका कोण आणि पाळीव कोण, ही चौकशी मागे पडली. कुत्री घरांच्या आवारांतून ओढून मारली जाऊ लागली. पारशी समाजात कुत्र्याला धर्मविधीतच स्थान आहे. मृताचे अंत्यदर्शन कुत्र्याकडून करवणारा 'सगदीद' हा विधी त्यांच्यात परंपरेने चालत आला. जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे मृगाच्याच तोंडावर, पारशी रस्त्यावर उतरले, इतर समाजांतले लोक त्यांना मिळाले, दुकाने बंद झाली, लष्कराकडे जाणारी रसद अडली आणि अखेर सैन्य बोलवावे लागले. राजनिष्ठ आणि शांत म्हणून नावाजलेल्या समाजाने केलेला हा दंगा सरकारला चांगलाच चमकावून गेला. पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद या व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ उभी राहिली, तिच्यामागे ही हकिगत आहे. भुलेश्वरच्या गर्दीतून जाणाऱ्यांपैकी किती जणांना ती ठाऊक असेल?

कुत्रा उन्हाने पिसाळत नाही. त्याच्या अंगाला माणसासारखा घाम येत नाही. जी काय थोडी सोय आहे ती पंजांच्या गादीत. म्हणून तो जीभ काढून धापा टाकतो आणि तोंडातल्या ओलाव्याची वाफ करून शरीर थंड ठेवतो. लाळ गळते ती त्यामुळे. वैशाखात लाळ गाळणारा कुत्रा बहुधा तहानलेला असतो, आणि बघणारे त्याच्यासाठी पाण्याऐवजी दगड शोधतात. अलर्क रोग होतो तो एका विषाणूने, आणि तो विषाणू पंचांग पाहत नाही. मार्गशीर्षातला चावा वैशाखातल्या चाव्याइतकाच घातक असतो. पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली तो दिवस ६ जुलै १८८५. इंग्रजी पंचांगाप्रमाणे कुत्र्यांचे दिवस नुकते सुरू झालेले होते, एवढाच उन्हाचा त्या रोगाशी संबंध. आपल्याकडे मात्र पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून ऐकू येते. ती जुनी लस देशात २००४ च्या अखेरीसच बंद झाली. आता दंडावर मोजकी इंजेक्शने घ्यावी लागतात. तरीही 'कुत्रा दहा दिवसांत मरतो का पाहू, मग दवाखान्याचे बघू' असे म्हणणारी शहाणी माणसे सुशिक्षित घरांतही भेटतात. चाव्याची जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा, हे शाळेच्या फळ्यावर सुविचाराच्या जागी लिहिले तरी चालेल. या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते, आणि तिथे विनोद थांबतो.

भटक्या कुत्र्यांचा उपद्रव खोटा आहे असे मात्र कोणी समजू नये. पहाटे दूध टाकायला निघालेला पोऱ्या, रात्रपाळीहून परतणारा कामगार आणि शाळेत पायी जाणारी मुले यांना भूतदयेचे व्याख्यान पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली व परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला आणि देशभर दोन तट पडले. २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठाने तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जिथून उचलली तिथे सोडावीत, पिसाळलेली आणि हिंस्र तेवढी वगळावीत. पहिल्या आदेशाची तारीख कुत्र्यांच्या दिवसांतली अगदी शेवटची निघावी हा योगायोगच. न्यायमूर्ती इंग्रजी पंचांग पाहून निकाल देत नाहीत. नसबंदी आणि लस यांचा नियम तर २००१ पासून होताच. आठ आण्यांच्या बक्षिसाइतक्या उत्साहाने तो राबवला गेला असता, तर न्यायालयाला कुत्र्यांकडे पाहावे लागले नसते.

महाभारताच्या आरंभीच, आदिपर्वात, जनमेजयाच्या यज्ञाजवळ आलेल्या सरमेच्या पिलाला राजाचे भाऊ मारतात. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नव्हते, चाटणे दूरच. सरमा येऊन एवढेच विचारते, की माझ्या मुलाचा अपराध काय? यज्ञमंडपातल्या कोणालाच उत्तर देता येत नाही, आणि तिचा शाप ऐकून राजा चिंतेत पडतो. त्या ग्रंथाच्या शेवटाला कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारणारा युधिष्ठिर सर्वांना पाठ असतो. आरंभीचे हे पिलू फारसे कोणाला आठवत नाही.

पंचांगाने कुत्र्याला अगदीच वाऱ्यावर सोडले आहे असेही नाही. त्याचे दिवस आहेत, फक्त ते उन्हाळ्यात नाहीत. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीच्या दिवशी, खंडोबाच्या भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातला वाटा कुत्र्याला घालतात. त्याच महिन्याच्या पौर्णिमेला दत्तजयंती, आणि दत्ताच्या पायांशी वेदांची प्रतीके मानलेली चार कुत्री. या मासाचे नावच मृगशीर्षावरून पडलेले. पौर्णिमेचा चंद्र त्या दिवशी मृगाच्या परिसरात असतो, आणि रात्री नवाच्या सुमारास आग्नेयेकडे क्षितिजावर व्याध चढू लागतो. हा मेळ कोणी जाणूनबुजून घातला असेल असे वाटत नाही. पण पंचांगातली मौज अशा न घातलेल्या मेळांतच पुष्कळ असते.

तोपर्यंत वैशाख आहेच. काही आळ्यांतून दारापुढे फुटक्या माठाच्या बुडात किंवा सिमेंटच्या कुंडीत पाणी ठेवलेले दिसते. अक्षय्य तृतीयेच्या उदककुंभाचे पुण्य त्याला लागते की नाही हे शास्त्रीमंडळींनी ठरवावे. कुत्री चार वाजता गाड्यांखालून निघतात, पाणी पितात, आणि ऊन उतरेपर्यंत पुन्हा तिथेच जाऊन पडतात.