उतारावर वाचवलेलं डिझेल

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री इथे एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली. उतारावर इंजिन बंद केल्याचं प्राथमिक तपासात पुढे आलं. न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची सवय जुनीच. वाचतं थोडंसं डिझेल. पण गिअरचा अडसर गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात. इंजिनच बंद असेल तर हवेवर चालणाऱ्या ब्रेकच्या टाकीत नवी हवाही भरत नाही.

एवढ्याशा डिझेलसाठी जीव धोक्यात घालावासा का वाटतो? भाडं टनावर, हप्ता महिन्यावर, आणि परतीचं भाडं मिळेलच असं नाही. म्हणून ओव्हरलोड. काही राज्यं तर पैसे घेऊन तो रीतसर चालू देत. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं. २०१८ मध्ये तीन आसांच्या ट्रकचं कमाल वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं, २०१९ च्या दुरुस्तीत ओव्हरलोडचा किमान दंड २,००० वरून २०,००० रुपयांवर गेला.

मला मात्र खरी मेख विम्यात दिसते. २००७ मध्ये गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर खुले झाले, थर्ड पार्टीचे, म्हणजे इतरांच्या नुकसानभरपाईचे, नाही. ट्रकचा थर्ड पार्टी विमा कंपन्यांना नकोसा होता, म्हणून एप्रिल २००७ पासून साऱ्या कंपन्यांचा तोटा एका सामाईक पूलमध्ये टाकला जाऊ लागला. तो मार्च २०१२ पर्यंत चालला. तोटा सगळ्यांचा, मग कुणाच्या गाड्या वारंवार ठोकतात हे शोधायला कोण बसणार?

पूल गेला, दर ठरवायची रीत राहिली. जून २०२२ च्या दरांनुसार भाड्याने माल वाहणाऱ्या २० ते ४० टनांच्या ट्रकला थर्ड पार्टीचा हप्ता ४३,९५० रुपये. निकष मुख्यतः वजनाचा. नो क्लेम बोनस यात नाहीच. दोन ड्रायव्हर ठेवणारा, गुळगुळीत झालेले टायर वेळेवर बदलणारा मालक आणि एकाच ड्रायव्हरला रात्रंदिवस पळवणारा मालक, दोघांची पावती सारखीच. पहिल्याचा जास्तीचा खर्च त्याच्याच खिशातून जातो, आणि भाडं ठरवताना दुसरा त्याच्यापेक्षा स्वस्त पडतो.