महापालिकेचे दफ्तर ‘क्लाउड’वर नेताना

खास प्रतिनिधी

मार्चअखेरीस मालमत्ता कर भरणाऱ्यांची झुंबड उडाली की पालिकेचा सर्व्हर मान टाकतो, हा अनुभव शहरवासीयांना नवा नाही. त्यावर उपाय म्हणून हे दफ्तर ‘क्लाउड’वर, म्हणजे सेवापुरवठादाराच्या दूरस्थ संगणकांवर, भाडेतत्त्वाने हलविण्याकडे कल वाढला आहे. केंद्राच्या ‘मेघराज’ उपक्रमानंतर राज्य सरकारनेही २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउडचे धोरण स्वीकारले.

खरी कसोटी मात्र जुन्या नोंदींची असते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, आयएसएम अशा प्रणालींच्या फॉन्टमध्ये टंकलिखित झालेली मराठी नावे तशीच उचलून नेली, तर नव्या पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. रूपांतराचे सॉफ्टवेअर आहे. पण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे येथे ते अडखळू शकते. जन्मनोंदीत ‘कीर्ती’चा रफार गळून ‘कीती’ झाली, तर पुढे पासपोर्टसाठी हेलपाटे तिलाच घालावे लागणार. म्हणूनच विभागातील लिपिकांनी मूळ नोंदवहीशी पडताळणी करणे आणि तोवर जुनी यंत्रणा समांतर चालू ठेवणे अपरिहार्य ठरते. हे काम ठेकेदारावर सोपवून मोकळे होता येत नाही.

दुसरा प्रश्न पैशांचा. सर्व्हरची खरेदी भांडवली खर्चात एकदा दाखविली की भागते; क्लाउडचे देयक वापरानुसार दरमहा येते आणि सहसा महसुली खर्चात पडते. त्याची तरतूद अर्थसंकल्पात दरवर्षी करावी लागते. करार संपताना सर्व नोंदी वापरण्याजोग्या स्वरूपात परत मिळतील, ही अटही निविदेतच हवी. कंपनी बदलण्याची वेळ आली, तर पालिकेच्या हाती तेवढाच कागद असतो.