शोधले तेच सापडते

२०१० च्या हंगामात महाराष्ट्रातली निर्यातीची द्राक्षे युरोपात अडकली. कारण ठरले क्लोरमेक्वाट क्लोराइड. बागायतदार त्याला ‘सीसीसी’ म्हणतात. वेलीची शाकीय वाढ आवरून घड चांगले धरावेत म्हणून हे संजीवक फवारले जाई. युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे टनभर द्राक्षांत ५० मिलिग्रॅम. चिमूटभर मीठसुद्धा याहून जास्त भरते.

निर्यातीआधी तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसी नव्हतेच. ‘आढळले नाही’ या शेऱ्याचा अर्थ ‘जे शोधले, त्यात आढळले नाही’ एवढाच असतो, हे बागायतदाराला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

पण नाव यादीत घातले की काम झाले, असेही नाही. कीडनाशकांचे अवशेष शोधायला प्रयोगशाळा एलसी-एमएस वापरतात. द्राक्षाच्या अर्कातले घटक आधी स्तंभातून जाताना वेगळे होतात, मग विद्युतभारित तुषारांतून आयन होऊन वस्तुमानानुसार ओळखले जातात. नेहमीच्या सी-१८ स्तंभाला तेलकट वळणाचे रेणू धरता येतात. सीसीसी पडले पाण्यात रमणारे आणि कायम धनभारित. ते स्तंभात थांबतच नाही. साखर आणि क्षारांच्या लोंढ्याबरोबर सुरुवातीलाच बाहेर पडते. त्या गर्दीत थेंबातून सुटून यंत्रात पोहोचणारे त्याचे आयन घटतात आणि संकेत दबतो. लाखमोलाचे यंत्र असले तरी इथे त्याचा इलाज चालत नाही.

म्हणून संवेदनशीलता वाढवायची ती यंत्राच्या आधीच. अर्क आम्लयुक्त मिथेनॉलने काढायचा, कारण २००३ पासून रूढ झालेल्या ‘कॅचर्स’ पद्धतीत असे रेणू पाण्याच्या थरातच मागे राहतात. स्तंभही पाणीप्रिय रेणूंना धरून ठेवणारा, ‘हिलिक’ जातीचा निवडायचा.

सर्वांत नवलाचा उपाय म्हणजे अर्क चक्क पातळ करणे! रेणू कमी होतात, पण त्यांना दाबणारी साखर आणि क्षारही विरळ होतात. यंत्र पुरेसे तल्लख असेल तर सौदा फायद्याचा ठरतो. उरलेल्या दबावाचा हिशेब जड हायड्रोजन घातलेले जुळे क्लोरमेक्वाट देते. ठरावीक मात्रेत मिसळलेला हा जुळा रेणू तेवढाच दबतो, त्यामुळे मूळ आकडा दुरुस्त करता येतो. ओळख मात्र तुकड्यांवरून पटते: १२२ वस्तुमानाचा आयन फुटून ५८ आणि ६३ चे तुकडे ठरलेल्या प्रमाणात मिळावे लागतात.

हा खटाटोप एका हंगामापुरता नाही. युरोपातल्या नाशपातीच्या बागांत फवारणी थांबवल्यानंतरच्या वर्षीही फळांत क्लोरमेक्वाट सापडले. झाडाने ते लाकडात साठवून ठेवले होते.